ख्रिश्चन फिक्शन म्हणजे काय? आणि या कादंबऱ्यांमधली माफी इतकी महाग का असते?

मराठीतली पहिली कादंबरी कोणती? स्पर्धा परीक्षेचा अभ्यास केलेल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारलं तरी उत्तर येईल: बाबा पद्मनजी यांची 'यमुनापर्यटन', साल १८५७. एक मार्क मिळतो, आपण पुढच्या प्रश्नाकडे वळतो आणि ती कादंबरी आहे तरी कशाबद्दल, हे विचारायचं राहूनच जातं.

मिशनच्या शाळेत शिकलेली यमुना नवऱ्याबरोबर प्रवासाला निघते. जागोजागी विधवांचे हाल बघते. मग तिचाच नवरा जातो आणि जे इतरांचं पाहिलं ते तिच्या दारात येऊन उभं राहतं. शेवटी ती ख्रिस्ती होते आणि पुन्हा लग्न करते. लेखक बाबा पद्मनजी स्वतः १८५४ मध्ये ख्रिस्ती झाले होते. म्हणजे मराठी कादंबरीचा श्रीगणेशा (शब्द इथे जरा गमतीचाच) ज्या पुस्तकाने झाला, त्याला आजच्या बाजारात 'ख्रिश्चन फिक्शन' म्हटलं गेलं असतं.

आज हा शब्द मुख्यतः अमेरिकेतला. तिथल्या पुस्तकांच्या दुकानात जसं रहस्यकथांचं वेगळं कपाट असतं, तसं याही पुस्तकांचं असतं. घर, नवरा-बायको, बाप-लेक, तुटलेलं नातं, देवावरचा रुसवा आणि माफी, हे त्यातले नेहमीचे विषय. या पुस्तकांवरचे सिनेमेही येतात. 'द शॅक' किंवा 'रिडीमिंग लव्ह' ही नावं तुमच्याही स्क्रीनवर कधीतरी येऊन गेली असतील. हा प्रकार नक्की काय आहे आणि त्यातलं कोणतं पुस्तक खरंच वाचण्यासारखं आहे, ते पाहू.

एक सूचना: पुढे बऱ्याच कथानकांचे शेवट उघड केले आहेत.

कुठल्या पुस्तकाला ख्रिश्चन फिक्शन म्हणतात?

लेखक ख्रिस्ती आहे किंवा पात्रं रविवारी चर्चला जातात, एवढ्याने पुस्तक या कपाटात जात नाही. कथेचा पेच श्रद्धेशिवाय सुटूच शकत नसेल, तर ते ख्रिश्चन फिक्शन. बेथनी हाउस, टिंडेल, झोंडरव्हन, थॉमस नेल्सन अशा प्रकाशकांनी हा बाजार उभा केला. यातल्या शेवटच्या दोन कंपन्या आज हार्परकॉलिन्सच्या मालकीच्या आहेत, यावरून धंदा लहान नाही हे लक्षात येईल. शिवीगाळ नाही, शयनगृहातले प्रसंग दाराबाहेरच थांबतात आणि शेवटी आशेची खिडकी उघडी राहते, असे अलिखित संकेत या प्रकाशकांकडे बराच काळ पाळले गेले. कॅथरीन मार्शल यांची 'क्रिस्टी' ही १९६७ ची कादंबरी इतकी गाजली की या क्षेत्रातला मोठा पुरस्कार तिच्याच नावाने दिला जातो.

जगबुडी, सैतान, शेवटचा न्याय असल्या विषयांवरच्या थरारक कादंबऱ्याही याच कपाटात असतात. त्या आपण बाजूला ठेवू. आपल्याला घरातल्या गोष्टी हव्या आहेत.

सगळ्यांच्या मुळाशी असलेली एक गोष्ट

नव्या करारात, लूककृत शुभवर्तमानाच्या १५ व्या अध्यायात, येशूने सांगितलेला एक दाखला आहे. मराठीत त्याला उधळ्या मुलाचा दाखला म्हणतात.

एका माणसाला दोन मुलगे. धाकटा म्हणतो, माझा हिस्सा आत्ताच द्या. बाप धडधाकट जिवंत असताना वाटणी मागणं म्हणजे काय, हे मराठी घरात समजावून सांगायची गरज नाही. बाप वाटणी करून देतो. पोरगा दूर देशी जाऊन सगळं उडवतो. दुष्काळ पडतो, डुकरं राखायची वेळ येते आणि डुकरांच्या खाण्यावर नजर जाऊ लागते. तेव्हा तो ठरवतो की घरी जाऊ, मुलगा म्हणून नाही तर निदान गडी म्हणून ठेवून घ्या म्हणू. पण बाप त्याला लांबूनच बघतो आणि धावत सुटतो. पाठ केलेली माफी पुरती बोलूनही होत नाही तोवर अंगावर चांगला झगा, बोटात अंगठी, पायात जोडे. घरात जेवणावळ सुरू होते.

बहुतेकांना गोष्ट इथपर्यंतच आठवते. खरी अडचण पुढे आहे. थोरला मुलगा शेतावरून येतो, आतून नाचगाण्याचा आवाज ऐकतो आणि दारातच थांबतो. इतकी वर्षं मी राबलो, माझ्यासाठी कधी करडू कापलं नाहीत, आणि ह्याच्यासाठी पोसलेलं वासरू? त्याचं काही चुकतंय का? बाप बाहेर येऊन त्याची समजूत घालतो आणि तिथेच गोष्ट संपते. थोरला आत गेला की नाही, हे सांगितलेलंच नाही.

माझं मत असं की कुटुंबावरच्या चांगल्या ख्रिस्ती कादंबऱ्या या न सांगितलेल्या जागेतच लिहिल्या जातात. सामान्य कादंबऱ्या बापाच्या मिठीवर पडदा पाडतात. चांगल्या कादंबऱ्या उंबऱ्यावर थांबलेल्या माणसाला विसरत नाहीत.

हातरुमाल लागणाऱ्या कादंबऱ्या

घरगुती ख्रिश्चन फिक्शनची आजची बाजारपेठ जिने उघडली, ती कादंबरी म्हणजे कॅनडाच्या जॅनेट ओके यांची 'लव्ह कम्स सॉफ्टली', १९७९. पश्चिमेकडे नवी वस्ती करायला निघालेल्या मार्टीचा नवरा वाटेतच मरतो. ती गरोदर, ओळखीचं कुणी नाही. क्लार्क नावाचा विधुर तिला सरळ सांगतो: माझ्या लेकीला आई हवी, तुला छप्पर हवं, नावापुरतं लग्न करू; वसंत ऋतूत परत जावंसं वाटलं तर तुझ्या प्रवासाची सोय करीन. पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. २००३ मध्ये यावर टीव्ही सिनेमाही आला. साधी गोष्ट आहे, पण क्लार्कचा धीर खोटा वाटत नाही.

मग आमिश कादंबऱ्यांची लाट आली. आमिश म्हणजे पेन्सिल्व्हेनिया, ओहायो वगैरे राज्यांत घोडागाडी वापरून, विजेच्या तारांपासून दूर राहणारा ख्रिस्ती पंथ. बेव्हर्ली लुईस यांची 'द शनिंग' (१९९७) ही त्यातली गाजलेली कादंबरी. लग्न तोंडावर आलेल्या केटीला कळतं की आपण दत्तक आहोत. ती समाजाचे नियम मानायला नकार देते आणि तिच्यावर बहिष्कार पडतो. बहिष्कार म्हणजे घरच्यांनीसुद्धा एका टेबलावर जेवायचं नाही. जातपंचायतीने वाळीत टाकलेल्या कुटुंबांच्या बातम्या वाचणाऱ्या आपल्याला हे परकं वाटू नये. क्षमा हा ज्या समाजाच्या धर्माचा कणा, तोच समाज घरातल्या मुलीला ताटावरून उठवतो, या पेचावर ही कादंबरी उभी आहे.

याच समाजाची दुसरी बाजू जगाने २ ऑक्टोबर २००६ रोजी पाहिली. पेन्सिल्व्हेनियातल्या निकेल माइन्स इथे एका माणसाने आमिश शाळेत शिरून दहा मुलींवर गोळ्या झाडल्या आणि स्वतःलाही संपवलं. पाच मुली गेल्या. आमिश शेजारी लगेचच मारेकऱ्याच्या घरी गेले, त्याच्या बायकोचं सांत्वन केलं आणि त्याच्या दफनालाही हजर राहिले. कादंबरीकाराने हे लिहिलं असतं तर वाचक म्हणाले असते, इतकं कुठे असतं का!

'रिडीमिंग लव्ह' आणि तिच्यावरचा आक्षेप

फ्रान्सिन रिव्हर्स आधी साध्या प्रेमकथा लिहायच्या. श्रद्धेकडे वळल्यानंतर १९९१ मध्ये त्यांनी 'रिडीमिंग लव्ह' लिहिली. बायबलमधल्या होशेय संदेष्ट्याची गोष्ट त्यांनी कॅलिफोर्नियातल्या सोन्याच्या धावपळीच्या काळात नेली. लहानपणीच वेश्याव्यवसायात विकल्या गेलेल्या एंजलशी मायकल होजिया नावाचा शेतकरी लग्न करतो. ती पळून जाते, तो आणतो, ती पुन्हा जाते. लाखो वाचकांनी या पुस्तकावर जीव लावला. २०२२ मध्ये त्यावर सिनेमा आला, तेव्हा नव्या वाचकांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली: ज्या बाईवर इतका अन्याय झाला, तिच्याकडेच कादंबरी पश्चात्ताप का मागते? आणि सारखं परत आणणं याला प्रेम म्हणायचं की ताबा?

आक्षेपात दम आहे. पण एक गोष्ट निसटू नये. शेवटच्या वेळी एंजल निघून जाते तेव्हा मायकल तिच्या मागे जात नाही. काही वर्षांनी ती स्वतःच्या पायांनी परत येते. तेवढा शेवट मला आधीच्या चारशे पानांपेक्षा जास्त पटतो.

'द शॅक': खुन्याला माफ करायचं?

विल्यम पॉल यंग यांनी 'द शॅक' छापण्यासाठी लिहिलंच नव्हतं. आपल्या सहा मुलांना वाचायला म्हणून लिहिलं आणि २००५ च्या नाताळासाठी पंधरा प्रती काढून घेतल्या. प्रकाशकांनी नाकारल्यावर मित्रांनी छोटी कंपनी काढून २००७ मध्ये ते छापलं. पुढे एक कोटीहून जास्त प्रती गेल्या.

मॅक नावाच्या माणसाची धाकटी लेक मिसी सहलीतून पळवली जाते. जंगलातल्या एका पडक्या झोपडीत तिचे रक्ताळलेले कपडे सापडतात, ती सापडत नाही. काही वर्षांनी मॅकच्या पत्रपेटीत चिठ्ठी येते, त्याच झोपडीत भेटायला ये. खाली सही 'पापा'. त्याची बायको देवाला याच नावाने हाक मारते. तिथे त्याला भेटतो तो देव म्हणजे स्वयंपाकघरात रमलेली एक कृष्णवर्णीय बाई. येशू मध्यपूर्वेतला सुतार. आणि पवित्र आत्मा म्हणजे आशियाई दिसणारी एक स्त्री, जिचं नाव चक्क सरायू, आपल्या शरयू नदीचं. देवाचं असं रूप पाहून अमेरिकेतल्या अनेक पाळकांनी पुस्तकावर कडक टीका केली.

मला पुस्तकातली दोन वळणं महत्त्वाची वाटतात. मॅकचा स्वतःचा बाप चर्चमध्ये मानाचा माणूस आणि घरात दारू पिऊन मारणारा. त्यामुळे देवाला बाप म्हणणं मॅकला जमतच नाही, आणि म्हणूनच देव त्याला आधी बाईच्या रूपात भेटतो. दुसरं, खुन्याला माफ करायची वेळ येते तेव्हा पापा त्याला स्पष्ट सांगतो की माफी दिली म्हणजे नातं जोडलं असं नाही. झालेलं विसरायचंही नाही, त्या माणसावर विश्वासही ठेवायचा नाही, त्याला कायद्यापासून वाचवायचंही नाही. फक्त त्याचा सूड ज्या हाताने मुठीत धरला आहे, तो हात मोकळा करायचा. यंग स्वतः मिशनरी आईबापांच्या पोटी न्यू गिनीत वाढले आणि लहानपणी लैंगिक अत्याचाराला सामोरे गेले. भाषा कुठेकुठे गोडमिट्ट होते, तरी हा भाग माहितगाराने लिहिलाय हे जाणवतं.

हे का महत्त्वाचं? कारण घराघरात माफी हा शब्द बहुतेक वेळा मार खाल्लेल्या माणसावरच टाकला जातो. जाऊ दे, मोठे आहेत, सोडून दे, चार लोक काय म्हणतील. जर्मन धर्मवेत्ता डिट्रिख बोनहॉफर याने १९३७ मधल्या पुस्तकात पश्चात्तापाशिवाय वाटल्या जाणाऱ्या माफीला स्वस्त कृपा म्हटलं होतं. हिटलरच्या राजवटीने त्याला ९ एप्रिल १९४५ रोजी फाशी दिली. त्याच्याही आधी, १८८० मध्ये पूर्ण झालेल्या 'द ब्रदर्स कारामाझोव्ह'मध्ये दोस्तोयेव्हस्कीने इव्हानच्या तोंडून विचारलं की छळ लेकराचा झाला असेल तर त्याच्या वतीने माफी द्यायचा हक्क आईला तरी आहे का? आपल्या वाट्याचं दुःख ती माफ करू शकते, लेकराच्या वाट्याचं कसं करणार? दोस्तोयेव्हस्की पक्का श्रद्धावान, तरी हा प्रश्न त्याने इतक्या ताकदीने मांडला की नास्तिक आजही तो उसना घेतात.

दोन बाप, दोन मुलगे

या प्रश्नाला सर्वात प्रामाणिकपणे भिडलेली कादंबरी मला वाटतं ॲलन पेटन यांची 'क्राय, द बिलव्हेड कंट्री'. साल १९४८, देश दक्षिण आफ्रिका. त्याच वर्षी तिथे नॅशनल पार्टी सत्तेवर आली आणि वर्णभेद सरकारी धोरण झाला. पेटन जोहान्सबर्गजवळच्या डिपक्लूफ सुधारगृहाचे प्रमुख होते. बिघडलेली मुलं आणि त्यांचे मोडलेले आईबाप त्यांनी रोज पाहिले होते.

स्टीफन कुमालो हा खेड्यातला म्हातारा कृष्णवर्णीय पाळक. शहरात हरवलेल्या मुलाला शोधायला तो जोहान्सबर्गला जातो. मुलाचं नाव ॲब्सलॉम, बायबलमधल्या दावीद राजाच्या बंडखोर मुलाचं. तो सापडतो तुरुंगात. चोरी करताना घाबरून झाडलेल्या गोळीने एक गोरा तरुण मेला आहे. मेलेला आर्थर जार्विस हा कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठीच झटणारा माणूस आणि त्याचा बाप कुमालोच्या गावच्या वरच्या टेकडीवर राहणारा जमीनदार.

उधळ्या मुलाची गोष्ट इथे पार उलटी झाली आहे. बाप धावत जातो, पण मुलाला घरी आणता येत नाही. एका अनोळखी घराच्या दारात कुमालो आणि जार्विस योगायोगाने समोरासमोर येतात. म्हाताऱ्याचे पाय लटपटतात, तो पायरीवर बसतो आणि सांगून टाकतो की तुमच्या मुलाला मारणारा माझा मुलगा आहे. तिथे कुणी गळ्यात पडत नाही. जार्विस पुढेही 'माफ केलं' असं भाषण देत नाही. तो मेलेल्या मुलाचे कागद वाचत बसतो. गावातल्या लेकरांना दूध पाठवू लागतो. नवं चर्च बांधून द्यायचं ठरवतो.

ॲब्सलॉमला फाशी होतेच. साथीदार खोटं बोलून सुटतात आणि खरं बोलणारा लटकतो. फाशीच्या रात्री कुमालो एकटाच डोंगरावर चढून उजाडायची वाट बघतो. दोन म्हाताऱ्यांमध्ये काहीतरी जुळलेलं असतं, पण दोघांपैकी कुणाचाही मुलगा परत येत नाही, आणि देशाचा कायदाही तसाच राहतो.

ज्या घरात मुलगा परततो

मेरिलिन रॉबिन्सन यांच्या चार कादंबऱ्या एकाच गोष्टीभोवती फिरतात: 'गिलियड' (२००४), 'होम' (२००८), 'लायला' (२०१४) आणि 'जॅक' (२०२०). 'गिलियड'ला २००५ चं पुलित्झर मिळालं. बराक ओबामा या लेखिकेचे इतके चाहते की २०१५ मध्ये, राष्ट्राध्यक्ष असताना, त्यांनी स्वतः तिची मुलाखत घेतली. या कादंबऱ्या ख्रिश्चन फिक्शनच्या कपाटात सहसा नसतात, त्या साहित्याच्या कपाटात असतात. पण विषय तोच.

साल १९५६, आयोवा राज्यातलं गिलियड हे लहानसं गाव. जॉन एम्स हा ७६ वर्षांचा पाळक, हृदय थकलेलं. सात वर्षांचाही नसलेला मुलगा मोठा होईल तेव्हा आपण नसू, म्हणून तो त्याला पत्र लिहितोय. ते पत्र म्हणजेच 'गिलियड'. शेजारी त्याचा जिवलग मित्र बाउटन, तोही पाळक. बाउटनचा मुलगा जॅक हा या घराचा उधळ्या. तरुणपणी गावाजवळच्या एका गरीब मुलीला आई करून तो निघून गेला, ते लेकरू पुढे वारलं. आईच्या अंत्यविधीलाही आला नाही. आता वीस वर्षांनी परतला आहे.

इथे उंबऱ्यावरचा थोरला भाऊ कोण? एम्स. जॅकला त्याचंच नाव ठेवलेलं आहे, तरी तो जॅकला माफ करू शकत नाही. आयुष्यभर व्यासपीठावरून क्षमा शिकवलेला माणूस पानोपानी स्वतःशीच भांडतो.

मग जॅक त्याला गुपित सांगतो. सेंट लुईसमध्ये त्याचं कुटुंब आहे. डेला ही त्याची बायको कृष्णवर्णीय आहे आणि त्यांना एक मुलगा आहे. मिझुरी राज्यात असं लग्न बेकायदा होतं आणि १९६७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत राहिलं. आयोवात असा कायदा नव्हता. जॅक घरी आलाय तो हे चाचपायला, की आपलं कुटुंब या गावात राहू शकेल का.

'होम' ही तीच गोष्ट बहीण ग्लोरीच्या नजरेतून सांगते आणि मला वाटतं चारही कादंबऱ्यांत ती सर्वात जिव्हारी लागणारी आहे. म्हातारा बाउटन मुलावर वेड्यासारखं प्रेम करतो, त्याची सगळी पापं आधीच माफ करून बसलाय. पण टीव्हीवर हक्कांसाठी रस्त्यावर उतरलेले कृष्णवर्णीय दिसले की तोच प्रेमळ म्हातारा उडवून लावणारं काहीतरी बोलतो. समोर बसलेल्या जॅकला कळतं की या घरात मला जागा आहे, माझ्या बायकापोरांना नाही. मुलाचे गुन्हे पोटात घालणाऱ्या बापाला स्वतःचं काही चुकतंय हे दिसतही नाही.

जॅक निघतो तेव्हा भान हरपत चाललेला म्हातारा निरोपाचा हातही मागे घेतो आणि तोंड फिरवतो. थोडक्यात, दाखल्यातला बाप धावला होता, हा थकलाय. आशीर्वाद मिळतो तो एम्सकडून, बसची वाट पाहताना, कपाळावर हात ठेवून. थोरला भाऊ शेवटी आत गेला, पण पाहुणा निघून जाताना.

आणि जॅक गेल्यानंतर एक गाडी येऊन दारासमोर थांबते. डेला आणि तिचा मुलगा. ग्लोरी त्यांच्याशी बोलते, पण त्यांना फार थांबता येत नाही, अंधार पडायच्या आत मुक्काम गाठायचा असतो. कृष्णवर्णीय कुटुंबाला रात्री रस्त्यावर असणं परवडणारं नव्हतं.

मराठीत असं काही आहे का?

कादंबरीत फारसं नाही, आत्मचरित्रात आहे. लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' शाळेत धड्यापुरतं वाचलं असेल तर आता पूर्ण वाचा. नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले आणि घर दुभंगलं. लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या, मग नगरला आल्या, सोवळंओवळं हळूहळू सुटलं आणि १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. नवऱ्यावरचा राग त्या लपवत नाहीत आणि हसणंही सोडत नाहीत. वर सांगितलेल्या कादंबरीकारांपैकी एकालाही तो विनोद साधलेला नाही.

सुरुवात कुठून करायची?

सिनेमाची सवय असेल तर 'द शॅक' (२०१७), त्यात ऑक्टेव्हिया स्पेन्सरने पापाचं काम केलंय. 'क्राय, द बिलव्हेड कंट्री'वर १९९५ मध्ये आलेल्या सिनेमात जेम्स अर्ल जोन्स आणि रिचर्ड हॅरिस हे दोन बाप आहेत, त्या दोघांसाठी तरी बघावा. पुस्तकच हवं असेल तर पेटनपासून सुरू करा, इंग्रजी सोपं आहे. 'गिलियड'ची पहिली पन्नास पानं संथ वाटतील, रोज दहा-दहा वाचा. 'होम' आधी वाचलंत तरी बिघडत नाही, मात्र कंटाळा आला म्हणून शेवटची दहा पानं सोडू नका. ती गाडी तिथेच येते.